अडीच गाण्यांचे सूत्र

इसवी सन १९६६ च्या नोव्हेंबर महिन्यात, केनियातील सुटी आटोपून लंडनकडे परतणाऱ्या विमानात, बीटल्स नामक सुप्रसिद्ध चौकडीपैकी पॉल मॅकार्टनी आणि त्या चौकडीच्या सामानसुमानाची व्यवस्था पाहणारा मॅल एव्हान्स हे दोघे जेवायला बसले असता, ताटलीतील कागदी पुड्यांवर छापलेल्या ‘एस’ आणि ‘पी’ या दोन अक्षरांवरून त्यांच्यात जे बोलणे झाले, त्यातून मीठ आणि मिरी हे निरुपद्रवी जिन्नस बाजूस राहून ‘सार्जंट पेपर’ नावाचा एक लष्करी इसम जन्मास आला. मिरीपायी जगात पुष्कळ उलथापालथ झालेली आहे. पोर्तुगीज लोक आमच्या किनाऱ्याला लागले ते तिच्याच वासाने. परंतु मिरीच्या एका पुडीवरून अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालावा, आणि मिरीचा संबंध सर्दीच्या काढ्यापलीकडे कधी न पाहिलेल्या आमच्यासारख्या माणसानेही त्यात हिरिरीने पडावे, हा चमत्कार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच घडू शकला.

वादाची हकीकत सांगण्यापूर्वी, वाद घालण्याइतके श्रोत्यांना ऐकू कधीपासून येऊ लागले, हे नमूद करणे अवश्य आहे. कारण त्याच वर्षीच्या २९ ऑगस्टपर्यंत, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को येथील कँडलस्टिक पार्कच्या मैदानावर तिकीट लावून शेवटचा जलसा होईपर्यंत, बीटल्सच्या श्रोत्यांचे मुख्य कार्य श्रवण नसून किंचाळणे हे होते. आणि ते त्यांनी अशा निष्ठेने केले की, गाणारांना आपले गाणे आपल्यालाच ऐकू येईनासे झाले. या प्रकारास कंटाळून चौघांनी जलशांना रामराम ठोकला आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ते जाऊन बसले. आता किंचाळण्यास समोर कोणी राहिले नाही, तेव्हा श्रोत्यांना घरी बसून ऐकणे भाग पडले. ऐकल्यामुळे त्यांना मते सुचू लागली. आणि मनुष्याला एकदा मत सुचले म्हणजे तो पुन्हा किंचाळण्याच्याच अवस्थेस येतो, हे सांगावयास नको.

मॅकार्टनीची तजवीज अशी होती की, पुढील तबकडी बीटल्सनी बीटल्स म्हणून काढूच नये. आपण कोणी भलतेच वाजंत्री आहोत अशी बतावणी करावी आणि त्या आडून हवे ते गावे. त्याप्रमाणे चौघांनी सोनेरी गोंडे, फिती आणि झालरी लावलेले रंगीबेरंगी लष्करी पोशाख शिवून घेतले. या पोशाखाचे पाश्चात्त्य रसिकांना जे अपूर्व कौतुक वाटले, ते आम्हांला मात्र कधी वाटू शकले नाही. कारण लग्नाच्या वरातीत याच थाटाचा पोशाख करून, ऐन वैशाखात घामाने निथळत क्लॅरिओनेट फुंकणारे बँडवाले आम्ही लहानपणापासून पाहिलेले आहेत. नावाचीही तीच गत. ‘लोनली हार्ट्स क्लब’ म्हणजे एकट्या पडलेल्या स्त्रीपुरुषांच्या गाठी घालून देणारे मंडळ, आणि सार्जंट म्हणजे आपल्या पलटणीतला हवालदार. तेव्हा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या भारदस्त नावाचा सरळ अर्थ ‘हवालदार मिरे यांच्या वधूवरसूचक मंडळाचे बँडपथक’ इतकाच होतो. या लेखात आम्ही त्या गृहस्थांचा उल्लेख याच सुटसुटीत नावाने करू.

१ जून १९६७ ही प्रकाशनाची तारीख मुक्रर झाली असताना विलायतेत तबकडी २६ मे रोजीच दुकानांत येऊन पडली. तिच्यात तेरा गाणी, आणि एकंदर वेळ सुमारे चाळीस मिनिटे. पहिल्या गाण्यात हवालदार मिऱ्यांच्या पथकाची थाटामाटाने ओळख करून दिली जाते. त्याच्याच शेपटाला बिली शीअर्स नावाच्या गायकाची ललकारी होते आणि तो गायक, म्हणजे अर्थात नगारची रिंगो स्टार, दुसरे गाणे म्हणतो. येथून पुढे हवालदार जे गडप होतात, ते घर सोडून जाणारी मुलगी, सर्कशीतला घोडा, म्हातारपणाच्या चिंता, गाड्या उभ्या करण्याच्या जागेवर दंडाच्या पावत्या फाडणारी शिपाईण आणि सकाळच्या वेळी आरवणारा कोंबडा हे सर्व येऊन गेले तरी त्यांचा पत्ता नसतो. बाराव्या गाण्यात ते एकदम उगवतात, सव्वा मिनिटात प्रेक्षकांचे आभार मानतात आणि निरोप घेतात. पहिले एक, दुसरे ओळखीपुरते एक, आणि बाराव्या ठिकाणची ही अर्धी उजळणी, मिळून गोळाबेरीज अडीच. एवढ्या अडीच गाण्यांच्या भांडवलावर या तबकडीस ‘एकसूत्री’ म्हणावे की न म्हणावे, हाच तो जगप्रसिद्ध वाद.

कागदपत्रांची रुजुवात घेऊ जाता प्रकरण अधिकच नाजूक होते. हवालदार मिऱ्यांच्या नावाचे गाणे ध्वनिमुद्रित होऊ लागले ते १ फेब्रुवारी १९६७ रोजी. आणि चौसष्टाव्या वर्षीच्या म्हातारपणाचे गाणे तर त्यापूर्वीच्या डिसेंबरातच घेऊन झालेले होते, तबकडीच्या अखेरीस असलेल्या ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्यासही जानेवारीतच हात लागलेला होता. म्हणजे इसम आधी कामावर रुजू झाला, आणि त्याच्या नेमणुकीचा हुकूम दफ्तरातून मागाहून सुटला! शेवटची उजळणी घालावी ही सूचनादेखील बीटल्सपैकी कोणाची नव्हे, ती त्यांच्या कामकाजाची व्यवस्था पाहणाऱ्या नील अ‍ॅस्पिनॉलची. आणि ज्या दिवशी तिचे ध्वनिमुद्रण उरकण्यात आले, तो दिवस १ एप्रिलचा होता. आम्ही यावर काही भाष्य करीत नाही.

कर्त्यांनी तरी सूत्राचा कैवार घ्यावा? जॉन लेननने १९८० साली दिलेल्या एका प्रदीर्घ मुलाखतीत साफ सांगून टाकले की, आपल्या वाट्याच्या गाण्यांचा त्या हवालदाराशी अगर त्याच्या पथकाशी काडीचा संबंध नाही, ती दुसऱ्या कोणत्याही तबकडीत खपली असती, आणि सूत्र जमले ते ‘जमले’ असे आम्ही म्हटल्यामुळे जमले. रिंगोची आठवण याहूनही मार्मिक आहे. १९६३ साली या मंडळींनी आपल्या पहिल्या तबकडीसाठी एका दिवसात दहा गाणी हातावेगळी केली होती. या तबकडीला पाच महिने लागले. आणि ते पाच महिने बाकीचे तिघे व निर्माते जॉर्ज मार्टिन सुरांची चिकित्सा करीत बसले असता नगारच्यास बराच काळ काही काम नसल्याने, त्या अवधीत आपण मुख्यतः बुद्धिबळ शिकलो, असे तो सांगतो. न्यायालयात आरोपीने असा कबुलीजबाब दिला म्हणजे खटला निकालात निघतो. रसिकांच्या दरबारात तो तेथून उभा राहतो. कारण कलावंताला स्वतःच्या कृतीतले काय कळते, हा प्रश्न विचारण्याची मुभा या दरबारात प्रत्येक साक्षीदाराला असते.

पहिला साक्षीदार नाट्यपक्षाचा. त्याचे म्हणणे असे की, ही तबकडी म्हणजे विलायतेतील जुन्या करमणूकगृहांत होई तसा एक रंगारंग खेळ आहे. तेथे एक जण गातो, दुसरा दोरीवर चालतो, तिसरा कुत्र्याला दोन पायांवर उभा करतो, आणि या तिघांत सूत्र कोणते असे कोणी तिकिटाचे पैसे परत मागत विचारीत नाही. हे म्हणणे आम्हांला पहिल्यापासून सहानुभूतीचे वाटत आले आहे, कारण आमची संगीत नाटके याच न्यायाने उभी राहिली. नांदी झाली, सूत्रधार आला, शेवटी भरतवाक्य झाले, की मधल्या चार तासांत नायकाने कोणत्या कारणास्तव कोणते पद म्हटले हे विचारण्याचा अरसिकपणा पूर्वीच्या प्रेक्षकांनी केला नाही. उलट ‘वन्स मोअर’ देऊन तेच पद त्याच अकारणाने पुन्हा म्हणवून घेतले. एवढेच की, आमच्याकडे भरतवाक्यानंतर पडदा पडे. हवालदार मिऱ्यांच्या भरतवाक्यानंतर मात्र आणखी एक गाणे सुरू होते, आणि ते सगळ्या खेळाहून मोठे निघते.

दुसरा पक्ष एकाकीपणाचा. आमचे एक स्नेही या पक्षाचे कट्टर अनुयायी असून, पाटीवरच ‘एकाकी जीवांचे मंडळ’ असे लिहिलेले असताना सूत्र कसले शोधता, असा त्यांचा सवाल असतो. मुलगी घर सोडून जाते तेव्हा आईबाप एकाकी. चौसष्टाव्या वर्षी आपल्याला कोणी पुसेल की नाही या विवंचनेत पडलेला तरुण एकाकी. पावत्या फाडणाऱ्या शिपाईणीवर भाळलेला प्रियकर एकाकी. छपराचे भोक बुजवीत बसलेला मनुष्य तर एकाकी असल्यावाचून छपरावर चढेलच कशाला? येथपर्यंत आम्ही माना डोलावतो. परंतु ‘बीइंग फॉर द बेनिफिट ऑफ मिस्टर काइट’ हे गाणे लेननने एका जुन्या जिनसांच्या दुकानातून विकत घेतलेल्या, १८४३ सालच्या सर्कशीच्या जाहिरातीवरून जवळजवळ जसेच्या तसे उतरवून घेतले, ही गोष्ट सर्वश्रुत असल्याने, तेथे एकाकी कोण, असा प्रश्न आम्ही एकदा त्यांस केला. ते क्षणभर थांबले. मग गंभीरपणे म्हणाले, “घोडा. वॉल्ट्झचे नृत्य जोडीने करायचे असते, आणि जाहिरातीत दुसऱ्या घोड्याचा उल्लेख नाही.” त्या दिवसापासून आम्ही त्यांच्याशी या विषयावर वाद घालीत नाही.

तिसरा पक्ष जर-तरवाल्यांचा. या मुद्रणाच्या आरंभी लिव्हरपूलमधील बालपणावर दोन गाणी तयार झाली होती. एक लहानपणीच्या अनाथालयाच्या बागेवर, दुसरे एका रस्त्यावर. तीच राहिली असती तर बालपण हे अस्सल सूत्र आयतेच हाती आले असते. परंतु बाजारात मालाची टंचाई झाल्याची हाकाटी झाल्याने ती दोन्ही फेब्रुवारीत सुट्या तबकडीवर विकून टाकण्यात आली. जॉर्ज मार्टिनने पुढे ही आपली घोडचूक असल्याचे कबूल केले. गंमत ही की, ती सुटी तबकडीदेखील विलायतेच्या यादीत दुसऱ्याच क्रमांकावर अडली, आणि पहिला क्रमांक ज्याने बळकावला त्या एंगेलबर्ट हंपरडिंक या गायकाच्या गाण्याबद्दल आज कोणी सूत्राचा वाद घालीत नाही. जर-तरवाले घरी बसून ती दोन गाणी पुन्हा आत घालतात, दुसरी दोन बाहेर काढतात, आणि कोणती दोन काढावी यावरून आपापसांत भांडतात.

‘एकसूत्री तबकडी जगात पहिली हीच’ असे म्हणणाऱ्यांचे पारिपत्य करण्यासाठी फ्रँक सिनात्राच्या १९५५ सालच्या ‘इन द वी स्मॉल अवर्स’चा दाखला पुरेसा असल्याने त्यांजवर अधिक शाई खर्च करीत नाही.

समीक्षकांचे मात्र थोडे सांगितले पाहिजे. तबकडी निघाली त्या वेळी केनेथ टायनन या नाट्यसमीक्षकास ती पाश्चात्त्य संस्कृतीच्या इतिहासातील निर्णायक क्षण वाटली. उलटपक्षी न्यूयॉर्कच्या एका मातबर दैनिकात १८ जून रोजी रिचर्ड गोल्डस्टीन नावाच्या तरुणाने, लाडावलेल्या पोरासारखी ही तबकडी करामतींनी बिघडली आहे, असा अभिप्राय छापताच त्याच्यावर निषेधपत्रांचा भडिमार झाला. पुढे त्याने स्वतःच सांगितले की, ऐकतेवेळी आपल्या यंत्राचा एक कर्णा नादुरुस्त होता. आमच्या मते ही कैफियत त्याने देण्याचे कारण नव्हते. दोन्ही कर्णे शाबूत असलेल्या कीथ रिचर्ड्सने तब्बल ४८ वर्षांनंतर तिला केरकचऱ्याची खिचडी म्हटलेच; आणि मुखपृष्ठावरच्या एका बाहुलीच्या अंगरख्यावर त्याच्याच रोलिंग स्टोन्स मंडळींच्या स्वागताची अक्षरे आहेत, या आतिथ्याचाही त्याने विचार केला नाही. ‘रोलिंग स्टोन’ या मासिकाने २००३ साली सर्वश्रेष्ठ पाचशे तबकड्यांत हिला पहिली जागा दिली आणि २०२० साली चोविसावी. तबकडी तीच, सतरा वर्षांत तिच्यातले एक अक्षर इकडचे तिकडे झालेले नाही.

कर्ण्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो की, या रसिकांत एक सोवळा पंथ आहे. एकाच कर्ण्यातून ऐकावयाची ‘मोनो’ आवृत्ती सिद्ध करताना चौघेही जातीने हजर राहून आठवडेच्या आठवडे खपले, आणि दोन कर्ण्यांची ‘स्टिरिओ’ आवृत्ती त्यांच्या गैरहजेरीत थोडक्या दिवसांत उरकली गेली, या वस्तुस्थितीवर हा पंथ उभा आहे. घर सोडून जाणाऱ्या मुलीचे गाणे स्टिरिओपेक्षा मोनोत अंमळ जलद चालते. तेव्हा तिने घर किती घाईने सोडले हे ज्याला माहीत नाही, त्याने सूत्राविषयी बोलू नये, असे या पंथाचे फर्मान आहे.

आणि एक पंथ तोतयाचा. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहून पेशवाईत केवढी धामधूम माजली, हे महाराष्ट्रास नव्याने सांगावयास नको. १९६९ साली अमेरिकेत उठलेली आवई थेट त्याच जातीची होती. पॉल मॅकार्टनी १९६६ सालीच अपघातात वारला आणि हा जो गातो आहे तो त्याचा तोतया, अशी तिची मखलाशी होती. पुरावा म्हणून मलपृष्ठावर तिघे समोर तोंड करून उभे असता पॉल पाठमोरा असल्याचे, आणि आतील छायाचित्रात त्याच्या बाहीवर ‘ओ पी डी’, म्हणजे मृत्यूचा सरकारी दाखला दर्शविणारी अक्षरे असल्याचे दाखवीत. वस्तुतः ती अक्षरे ‘ओ पी पी’ असून तो बिल्ला कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांताच्या पोलिसांचा आहे. परंतु या पंथाला हसण्यापूर्वी आम्हांला नेहमी वाटते की, आपण आपण नसून दुसरेच कोणी आहोत ही जी मूळ कल्पना, जी खुद्द कर्त्यांनी अडीच गाण्यांत सोडून दिली, ती अखेरपर्यंत मनापासून जर कोणी मानली असेल, तर ती याच वेडगळांनी!

आता दुसऱ्या बाजूच्या आरंभीचे ‘विदिन यू विदाउट यू’ हे गाणे. जॉर्ज हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरात मुंबईस ताजमहाल हॉटेलात उतरून रविशंकरांपाशी सतार शिकून गेला होता. त्या शिक्षणाचे हे फळ. खमाज थाटाच्या वळणाचे स्वर, तबला, तंबोरा, दिलरुबे. बाकीच्या तिघा बीटल्सचा यात सूरही नाही आणि ठेकाही नाही. विलायती श्रोत्यांत हे गाणे लागले की चहाचे आधण ठेवण्यास उठणारांचा एक मोठा वर्ग आजही आहे, आणि सूत्र तुटले ते येथेच, असे तो वर्ग स्वयंपाकघरातून ओरडून सांगतो. १५ मार्च १९६७ रोजी एशियन म्युझिक सर्कल या लंडनमधील संस्थेच्या द्वारे आलेल्या ज्या वादकांनी ही साथ केली, त्यांची नावे तबकडीवर छापण्याची तसदी कोणी घेतली नाही. ती उजेडात यावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली: अमृत गज्जर, नटवर सोनी, बुद्धदेव कंसारा आणि दिलरुब्यावर अण्णा जोशी. अण्णा जोशी! नावावरून गाव काढणे हा आमचा पिढीजात धंदा असल्याने, हे नाव वाचल्यापासून आमच्या मनात त्या तबकडीविषयी एक कौटुंबिक जिव्हाळा उत्पन्न झाला आहे, आणि ते गाणे चालू असताना कोणी आधण ठेवण्यास उठला तर आम्ही त्याला हाताला धरून खाली बसवतो.

आमच्या देशाचा आणखी एक संबंध आला आणि आला तसा गेला. मुखपृष्ठावर पीटर ब्लेक व जॅन हॅवर्थ या दांपत्याने थोरामोठ्यांची जी गर्दी उभी केली, तिच्यात महात्मा गांधींची आकृती होती. परंतु हिंदुस्थानातील लोक बिथरतील आणि तेथील विक्री बुडेल, या भीतीने तबकडी काढणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड यांनी ती काढून टाकविली. हॅरिसनच्या आग्रहाने आलेले परमहंस योगानंदादी चार योगी गर्दीत राहिले. खाली फुलांच्या ताटव्याशी लक्ष्मीची एक मूर्तीही राहिली. तिच्याबद्दल व्यापारी मंडळींनी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर, सूत्र नाही. मात्र शिलाई उत्तम आहे. दोन गाण्यांमध्ये मोकळी जागा न ठेवता एकाचे शेपूट दुसऱ्याच्या तोंडात दिलेले आहे. कोंबडीच्या ओरडण्याचा शेवट होता होता तोच सूर गिटारीचा होतो. गाण्यांचे शब्द मलपृष्ठावर ओळीने छापले असल्याने ऐकणारास आपण एखादा ग्रंथ वाचीत असल्याचा भास होतो, आणि ग्रंथ म्हटला की त्यास काहीतरी प्रतिपाद्य असणारच अशी त्याची समजूत होते. या शिलाईत न बसणारे एकच गाणे आहे, ते शेवटचे. ब्लॅकबर्न या गावच्या रस्त्यांत चार हजार खड्डे असल्याची वर्तमानपत्रातील बातमी वाचून लेननने त्यात एक कडवे घातले, चाळीस वादकांना खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत आपापल्या मर्जीने चढत जाण्यास सांगण्यात आले, आणि बी.बी.सी.ने त्यात नशेचा वास येतो म्हणून त्याच्यावर बंदी घातली. खड्डे आमच्याकडेही आहेत. वर्तमानपत्रे त्यांची संख्याही छापतात. गाणे मात्र अद्याप झालेले नाही. संबंध तबकडीत आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो ते हेच, आणि ते हवालदार मिरे निघून गेल्यानंतर सुरू होते.

त्या गाण्याचा शेवटचा सूर पाऊण मिनिटभर विरत गेल्यावर विलायती प्रतींवर आणखी दोन गोष्टी आहेत. एक, केवळ कुत्र्यांना नीट ऐकू यावी अशी अतिशय तीव्र शीळ. कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा हे ज्या घराण्याच्या तबकड्यांचे बोधचिन्ह, त्याच घराण्याने अर्धशतकाहून अधिक काळानंतर त्या मुक्या श्रोत्यासाठी काहीतरी मुद्रित केले. आणि एकंदर श्रोत्यांत सूत्राविषयी अद्याप ज्याने मत दिलेले नाही असा तोच एक उरला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे अगदी आतल्या खाचेत भरलेली चौघांची काही क्षणांची अर्थहीन बडबड. ती खाच वर्तुळाकार असल्यामुळे, ज्यांच्या यंत्राला आपोआप थांबण्याची सोय नाही, त्यांच्या घरी ती बडबड संपत नाही. उठून सुई हाताने उचलावी लागते.